फक्त मराठी पत्रात

“खाली अजून एक ओळ टाक,” आंटी म्हणाली. “पाय स्वच्छ धुवून यावे. असं काहीतरी. तुझ्या त्या शुद्ध मराठीत.”

मी कीबोर्डवर बोटं ठेवली. “सगळ्या पत्रांत?”

“नो नो. फक्त मराठी पत्रात.”

पत्रं बारा होती. अकरा इंग्रजीत, एक मराठीत. ते एक माझ्या बाबांना जाणार होतं.

आंटीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. “डोंट टेक इट अदरवाइज हां, डिअर. तुझा डॅडी रोज गटरमध्ये उतरतो ना, म्हणून बोलते. फादरला त्याचा पाय हातात घ्यायचाय. बरं नाही दिसत.”

मी टाइप केलं. ‘कृपया पाय स्वच्छ धुवून यावे.’ त्यातलं ‘कृपया’ माझं. आंटीने ते सांगितलं नव्हतं. अपमान जरा नीटनेटका दिसावा म्हणून मी माझ्या पदरचं घातलं. मग प्रिंट काढली, घडी घातली, पाकिटात सरकवली आणि पाकिटावर बाबांचं पूर्ण नाव लिहिलं. चहा आला, मी चहा प्यायले.

मी एका चर्चच्या ऑफिसात क्लार्क होते, आंटी चर्चच्या कमिटीवर. चर्च परळ आणि दादरच्या मधलं, जुनं, दगडी. पवित्र गुरुवारी संध्याकाळी तिथे पाय धुण्याचा विधी होतो. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, गुरूने चेल्यांचे. त्याची आठवण म्हणून फादर झगा उतरवतात, कमरेला टॉवेल बांधतात आणि बारा माणसांपुढे गुडघे टेकतात. प्रत्येकाच्या उजव्या पायाखाली परात ठेवून पाणी ओततात, पुसतात आणि वाकून पायाचं चुंबन घेतात. लहानपणी हे बघताना मला दर वर्षी रडू यायचं. मोठ्याने छोट्यापुढे वाकावं, यापेक्षा मोठी गोष्ट जगात नाही असं वाटायचं.

वेदीपुढच्या त्या बारा खुर्च्यांवर कोणी बसायचं हे कमिटी ठरवायची. ट्रस्टी, डेंटिस्ट, शाळेचे प्रिन्सिपल, आंटीचा भाऊ. फादर ज्यांच्यापुढे वाकायचे त्यांच्यापुढे जग आधीच वाकलेलं असायचं. पण हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

त्या वर्षी नवे फादर आले. तरुण, तळमळीचे. प्रवचनात न्यायाबद्दल बोलायचे, देव शेवटच्या माणसात शोधा म्हणायचे. कमिटीच्या बैठकीत त्यांनी सांगितलं, यंदा बारांत एक सफाई कामगार हवा. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं.

बाबा महापालिकेच्या ड्रेनेज खात्यात. काळाचौकीला म्युनिसिपल वसाहतीत आमची एक खोली. गणपती जवळ आले की लालबागकडची गटारं उपसायचं काम बाबांच्या गँगकडे. मंडळाच्या मंडपाबाहेर बाबा कमरेइतक्या घाणीत उभे असायचे, आणि मी कॉलेजातून येताना पलीकडच्या फुटपाथने जायचे. हेही सांगून टाकते. आता लपवायचं काय?

आम्ही मूळचे नगरकडचे. पणजोबा महारवाड्यातून उठून मिशनच्या फादरांकडे गेले, कारण मिशनच्या विहिरीवर कोणी हाकलत नव्हतं. आधी पाणी मिळालं, देव मागाहून मिळाला. मुंबईत आलो तर देव तोच, चर्च तेच. पण इंग्रजी मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, सकाळी नऊची आणि आमची मराठी मिस्सा दुपारी अडीचची, भर उन्हाची, अर्धे पंखे बंद ठेवून. रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना शिकवायचे, ख्रिस्तात जात नसते. मुलं पाठ करायची.

आंटी वाईट होती असं नाही. तिचं घराणं मुंबईतलंच, चर्चच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाटीवर तिच्या आजोबांचं नाव. तिने शब्द टाकला म्हणून मला कॉन्व्हेंटमध्ये प्रवेश मिळाला. नाताळला तिच्या भाचीचे फ्रॉक माझ्या अंगावर यायचे. ऑफिसातली खुर्चीही तिनेच दिली. तिच्यापुढे माझं तोंड कधी उघडलंच नव्हतं, त्या दिवशी कुठून उघडणार?

पत्र मी घरी नेऊन बाबांच्या हातात दिलं. बाबांनी चष्मा लावला. अक्षराखाली बोट धरून त्यांनी ते हळूहळू वाचलं. बारांत आपलं नाव आहे हे वाचून त्यांचा चेहरा असा फुलला की आई पोळी तव्यावर तशीच सोडून उठून आली. मग बोट शेवटच्या ओळीवर थांबलं.

“हे सगळ्यांना लिहिलंय का गं?”

“हो बाबा. बाराच्या बारा पत्रांत आहे.”

“मग ठीक,” ते म्हणाले. पत्राची घडी करून त्यांनी ते खिशात ठेवलं. दुसऱ्या दिवशी ड्रेनेजच्या चौकीवर हजेरीच्या वेळी मुकादमालाही दाखवलं म्हणे.

इतकं साधं खोटं. दोन शब्दांचं काम होतं. ‘नाही बाबा’ म्हटलं असतं तर बाबा काय करायचं ते ठरवू शकले असते. मी त्यांना ठरवूच दिलं नाही.

गुरुवारी ते दुपारी लवकर आले. आंघोळ केली. पाय त्यांनी स्वतः दोनदा धुतले आणि मला दाखवले. “बघ, चालेल?”

मी बघितलं. टाचांना भेगा, भेगांत काळं. बोटांच्या बेचक्यांत चिखल्या, कातडी पांढरी, फुगलेली. नखं वाकडी, कडांना काळपट. तीस वर्षं गमबुटात गटाराचं पाणी शिरत होतं, त्याने झालेले पाय. माझ्या डोळ्यांपुढे त्या क्षणी बाबा नव्हते. आंटीचा चेहरा होता. पहिल्या बाकावरून ती या पायांकडे बघणार, मग माझ्याकडे बघणार, एवढंच दिसत होतं.

“नाही चालणार,” मी म्हणाले. “बसा मोरीत.”

गरम पाण्यात सोडा टाकला. वज्रीने घासलं. मग कपड्यांच्या ब्रशने. तरी भेगांतलं जाईना, म्हणून भांड्यांची तारेची घासणी घेतली. आई म्हणाली, “अगं, काय करतेस!” मी तिला गप्प केलं. बाबा पाटावर बसून भिंतीला धरून होते.

“पुरे गं. आग होतेय.”

“अजून काळं आहे बाबा.”

“तो मळ नाही, पोरी. कातडी आहे ती.”

मी ऐकलं. नीट ऐकलं. आणि तरी घासत राहिले.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली. लोक म्हणतात, तू लहान होतीस. लहान नव्हते, चोविशीची होते. लोक म्हणतात, त्यांनी तुला करायला लावलं. आंटी आमच्या मोरीत आली नव्हती. घासणी माझ्या हातात होती, आणि बापाचा पाय माझ्याच मुठीत होता.

टाचेतून रक्त आलं तेव्हा थांबले. हळद दाबली, पावडर लावली, नवे मोजे चढवले. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा पांढरे मोजे घातले होते. रिक्षा आमच्या बाजूला चालत नाहीत, टॅक्सीने गेलो. बाबा खिडकीतून बघत होते. खूश होते हो. पाय भाजल्यासारखा झाला होता आणि माणूस खूश होता.

चर्च खचाखच भरलं होतं. बाबांची खुर्ची बारावी, टोकाची. तो क्रम आंटीने लावला होता. यादी टाइप करताना मी विचारलं नव्हतं. आता कळत होतं, बाबांच्या पायानंतर त्या परातीत कोणाचाही पाय जाणार नव्हता.

फादरांनी पहिल्या माणसापुढे गुडघे टेकले. सेमिनरीत फादर व्हायला शिकणारे एक ब्रदर तांब्या आणि टॉवेल घेऊन सोबत होते. पाणी, टॉवेल, चुंबन. दुसरा. तिसरा. गायनवृंद इंग्रजीत गात होता. बाबांच्या शेजारी, अकराव्या खुर्चीत, डेंटिस्ट बसले होते. ते सँडल घालून थेट दवाखान्यातून आले असावेत. त्यांनी पाय पुढे केला, फादरांनी तो धुतला, पुसला, वाकून ओठ टेकवले.

मग बाबा. बाबांनी मोजा ओढला, तो टाचेला चिकटला होता. रक्त सुकून कापड आत बसलं होतं. बाबांनी झटक्यात ओढला. पुन्हा वाहायला लागलं. फादरांनी पाणी ओतलं आणि परातीतलं पाणी गुलाबी झालं. ब्रदरांनी हातातला टॉवेल मागे घेतला. कोणीतरी टिश्यूचा डबा पुढे केला. फादरांनी टिश्यूने टिपलं, दोन-तीनदा, हलक्या हाताने. मग ते वाकले. डोकं पायाच्या वर एक वीत येऊन थांबलं. त्यांनी हात जोडले, बाबांना नमस्कार केला आणि उठले.

बारांत एक पाय तसाच राहिला.

लोक भारावून गेले. सफाई कामगारापुढे फादर हात जोडून, याचा फोटो चर्चच्या मासिकात पहिल्या पानावर आला. फोटोखालची ओळ मीच लिहिली.

फादर जातीमुळे थांबले की रक्तामुळे, हे मला आजही छातीठोकपणे सांगता येत नाही. विचारलं असतं तर ते रक्त म्हणाले असते, आणि प्रामाणिकपणे म्हणाले असते. पण ते रक्त काढलं कोणी? मी. त्यांना थांबायला एक सभ्य कारण हवं होतं की नव्हतं, देव जाणे. ते कारण मी घरून तयार करून आणलं होतं.

दाराशी आंटी भेटली. माझ्या कानाशी येऊन म्हणाली, “इतकं पण घासायचं नसतं, डिअर. मी नुसतं धुवायला सांगितलं होतं.”

बाबा दोन पावलांवर उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

टॅक्सी मिळेना म्हणून आम्ही चालत निघालो. बाबा पाय तिरका टाकत होते. भारतमाता सिनेमाच्या सिग्नलपर्यंत आलो. सिग्नलला थांबलो तेव्हा म्हणाले, “त्या डॉक्टरच्या टाचेला माती होती.”

बाबांनी माझ्याकडे वळून पाहिलं.

“त्याच्या पत्रात नव्हती ना ती ओळ?”

“नव्हती.”

“मला वाटलंच.” मग थोडं थांबून, “येशूने शिष्यांचे पाय धुतले तेव्हा त्यांना आधी चिठ्ठी पाठवली होती का गं?”

ते रागावून बोलले नाहीत. खरंच विचारल्यासारखं विचारलं. मी धर्मशिक्षण शिकवणारी, सर्टिफिकेट असलेली. बाबा सातवी पास.

जखम तीन महिने भरली नाही. रजा किती घेणार, चौथ्या दिवशी ते पुन्हा गमबूट घालून उतरले. घाण पाणी लागून ती चिघळली. मी मलम आणायचे, तर म्हणायचे, ठेव तिथे, आई लावेल. माझ्याकडून त्यांनी पायाला हात लावून घेतला नाही, तो आजतागायत. आताही मी खोलीत शिरले की बोलता बोलता बाबा पाय मागे घेतात, लुंगीखाली, नाहीतर सोफ्याच्या आड. मुद्दाम करत नाहीत. त्यांच्या लक्षातही येत नसेल. माझ्या येतं. माझ्या बापाला जगात सगळ्यात जास्त लाज माझ्यासमोर वाटते, ही माझी कमाई.

मी पापनिवेदनाला गेले. जाळीच्या पलीकडे तेच फादर. मी सांगितलं, माझ्याकडून वडिलांना दुखापत झाली, मी त्यांच्याशी खोटं बोलले. फादर हळुवारपणे म्हणाले, “मुली, तू प्रेमापोटी केलंस. देव तुला क्षमा करतो.” प्रायश्चित्त म्हणून काही प्रार्थना दिल्या. मी गुडघ्यावर बसून त्या म्हटल्या. पाच मिनिटं लागली असतील. बाहेर पडले तर इतकं हलकं वाटत होतं की कोपऱ्यावर थांबून उसाचा रस प्यायले.

आठवडाभर मजेत होते. मग एका दुपारी बाबांनी माझ्यासमोर पाय आत ओढला आणि माझ्या डोक्यात लख्ख झालं. क्षमा मला मिळाली होती. बाबांना काय मिळालं होतं? ओळ होती तशी कॉम्प्युटरमध्ये होती. खुर्च्यांचा क्रम होता तसा होता. मराठी मिस्सा अडीचलाच होती. देवाकडून माझं प्रकरण मिटलं आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं. कुणालाही त्रास न होता मिटणारं पाप ते. चर्चला असं पाप चालतं.

पुढच्या वर्षी फादर म्हणाले, मागचा उपक्रम फार छान झाला, पुन्हा करू. या वेळी आमच्याच वसाहतीतल्या एक मावशी, चार घरची धुणीभांडी करणाऱ्या. आंटी माझ्या टेबलाशी आली. “लास्ट इयरचंच पत्र काढ. नाव तेवढं बदल.”

मी फाइल उघडली. ओळ तिथेच होती, माझ्या ‘कृपया’सकट. आंटी गेली. मी ती ओळ पुसली नाही. पुसणं सोपं होतं, आणि कोणाला कळलंही नसतं. मी ती इंग्रजीत केली आणि अकरा पत्रांत घातली. मावशींच्या मराठी पत्रातून काढली. अकराही पाकिटं त्याच दिवशी वाटपाला दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिला फोन ट्रस्टींचा. “व्हॉट इज धिस? मला पाय धुवून यायला सांगता? हू डू यू थिंक आय ॲम?” मग प्रिन्सिपल. मग आंटीचा भाऊ, तो तर ऑफिसातच आला. डेंटिस्टांनी पत्र परत पाठवलं. दुपारपर्यंत अकरांपैकी सात जणांचा अपमान झाला होता. एका ओळीने. मागच्या वर्षी तीच ओळ एका माणसाने घडी करून खिशात ठेवली होती.

संध्याकाळी कमिटी बसली. मला उभं केलं. आंटी रडत होती. “आय मेड यू,” ती म्हणाली. “तुला शाळेत कोणी घातलं? बोल ना!”

“तुम्ही घातलंत,” मी म्हणाले. “ती ओळही तुम्हीच सांगितलीत. मी लिहिली.”

फादर माझ्याकडे बघत होते. “मला या ओळीबद्दल माहीत नव्हतं.”

“आता माहीत आहे, फादर.”

“पण सूड हा ख्रिस्ताचा मार्ग नाही.”

“कसला सूड? अकरा जणांना पाय धुवून यायला सांगितलंय. त्यात अपमान काय आहे ते मला समजावून सांगा. मग तोच अपमान बाबांचा का नव्हता, तेही सांगा.”

पंखा चालू होता, पूर्ण वेगात. शेवटी फादर उठून माझ्याजवळ आले. आवाज खाली आणून म्हणाले, “मी तुझ्या घरी येतो. तुझ्या वडिलांची माफी मागतो.”

“घरी नको. वेदीवरून मागा. नऊच्या मिस्सेला.”

त्यांची नजर ट्रस्टींकडे गेली. अर्ध्या क्षणासाठीच, पण गेली. मला माझं उत्तर मिळालं.

ट्रस्टींनी कागद पुढे सरकवला. अकरा कुटुंबांची लेखी माफी, माझ्या सहीने. मग प्रकरण मिटेल, नोकरी राहील. पेन कागदावरच ठेवलेलं होतं.

मी सही केली नाही. किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि निघाले.

आता मी परळला एका हिशेबनिसाच्या ऑफिसात काम करते. लोकांना वाटतं मी चर्च सोडलं असेल. का सोडू? माझ्या पणजोबांनी जीव मुठीत धरून ज्या दारात पाय ठेवला, ते दार मी सोडलं तर यांना बरंच होईल. दर रविवारी नऊच्या मिस्सेला जाते. पुढून दुसऱ्या बाकावर बसते. प्रार्थना मराठीत म्हणते, मोठ्याने. शेजारचे सरकून बसतात. बसू देत. पवित्र गुरुवार आला की आमच्या वसाहतीतल्या प्रत्येक घरी जाते आणि कोणाला पत्र आलंय का विचारते, आणि आलं असेल तर ते वाचून घेते. त्या दिवशी काय झालं होतं, ते सगळं सांगते. आंटीचा भाग सांगते. फादरांचा सांगते. माझा सगळ्यात आधी सांगते.

पापनिवेदनाला मात्र जात नाही. फादर दोनदा म्हणाले, ये. नाही गेले.

आणि बाबांची माफी मी मागितलेली नाही. मागितली तर ते त्याच क्षणी देतील. ‘राहू दे गं’ म्हणतील, वर माझ्या डोक्यावरून हात फिरवतील, आणि मी मोकळी होईन. म्हणून मागणार नाही. मला मोकळं व्हायचं नाही. वेदीवरून त्यांची माफी मागितली जात नाही तोवर मीही सुटणार नाही, आणि यांच्यातल्या एकालाही सुटू देणार नाही.